काकूचा निरोप मी पोचवला नाही

आमच्या घरातल्या बंदुकीबद्दल मी याआधीच्या प्रकरणांत बरंच लिहिलं आहे. अण्णांचा नेम, त्यांनी एका गोळीत लोळवलेलं रानडुक्कर, बैठकीच्या भिंतीवरची तिची ऐट. ते सगळं मी मोठ्या कौतुकानं लिहिलं. वाचणाऱ्यांनाही ते आवडलं असणार, कारण बंदुकीच्या गोष्टी सगळ्यांना आवडतात. ते सगळं आज मी मागे घेतो. त्यातलं काही खोटं नव्हतं, पण जे सांगायचं होतं ते सोडून बाकीचं सांगत बसलो, आणि हे खोटं बोलण्यापेक्षा काही बरं नाही. आता वय झालं. तरी अक्षर अजून लागतं.

येलदरीच्या धरणाचं पाणी जिथे आमच्या शिवाराला येऊन टेकतं तिथे वरच्या अंगाला आमचं घर. डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि भुईमुगाचं रान एका रात्रीत नांगरल्यासारखं करून जायची. म्हणून पिकाच्या राखणीसाठी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बंदुकीचा परवाना मिळालेला होता. एकनळी, काडतुसाची, मागे घोडा असलेली बंदूक. बैठकीत दोन सागवानी खुंट्यांवर ती आडवी असायची. तिच्याखाली हाताच्या अंतरावर कोनाडा आणि कोनाड्यात बिस्किटाच्या डब्यात काडतुसं. त्या डब्याला झाकणही धड बसत नव्हतं. आम्ही पोरं काडतुसं मोजायचो, त्यांचा वास घ्यायचो. उडवलेली रिकामी नळकांडी आमची शिट्टी होती. ओठाखाली धरून फुंकलं की लांबवर जाणारा, जरा रडका सूर निघायचा. सगळ्या गल्लीतल्या पोरांना ती शिट्टी हवी असायची आणि ती द्यायची की नाही हे मी ठरवायचो.

त्याच घरात तुपाच्या बरणीला कुलूप होतं. गुळाच्या ढेपेला होतं. रेडिओसाठी तर सुताराकडून खास कपाट करून घेतलं होतं आणि त्याची किल्ली अण्णांच्या जानव्याला नव्हे, पण बंडीच्या आतल्या खिशाला कायम बांधलेली असायची. लेकरांनी रेडिओची बटणं पिळून मोडू नयेत म्हणून! हे लिहिताना मला आजही संताप येतो. तूप सांडलं असतं तर काय झालं असतं? रेडिओ बिघडला असता तर सेलूला नेऊन दुरुस्त झाला असता. जी एकच वस्तू जीव घेण्यासाठी बनवलेली होती ती तेवढी उघड्यावर, फुलांच्या माळेसह.

सेलूची काकू घरात आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. अण्णांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, त्यांची ती बायको. नाव सुशीला, पण आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावानं हाक मारायची पद्धत, म्हणून सेलूची. तिचे वडील पोलिसात, सरकारी खजिन्यावर पहारेकरी होते. पहारा संपला की रायफल उघडून बघायची, बोट घालून चाचपायची आणि मग दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, ही त्यांची रोजची रीत. घरी त्यांची स्वतःची एक जुनी बंदूकही होती. ती एका पेटीत, काडतुसं दुसऱ्या पेटीत, आणि दोन्ही किल्ल्या करगोट्याला. आंघोळ करतानासुद्धा ते त्या सोडत नसत, असं काकू सांगायची आणि हसायची. त्यामुळे आमच्या बैठकीत पहिल्यांदा नजर वर गेली तेव्हा ती का दचकली, हे मला आज कळतं. त्या दिवशी सगळ्या बायका म्हणाल्या, नवी नवरी बुजली.

आता आमच्या घरची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. धाकट्या भावाच्या बायकोनं मोठ्या दिराशी, म्हणजे जेठाशी, तोंडानं बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर मधे कोणी तरी लेकरू लागायचं. ते लेकरू मी. अण्णा चार हातांवर बसलेले असायचे, काकू दाराआड, आणि मी मधे.

"दिगू, अण्णाला सांग, पानी तापलंय."

"अण्णा, पानी तापलंय."

"सांग तिला, आलो म्हनून."

"काकू, आलो म्हनलेत."

दोघांनाही दोघांचं ऐकू जात असे. तरीही मी ते पुन्हा उच्चारल्याशिवाय ते बोलणं झालं असं होत नसे. सुरुवातीला गंमत वाटायची, नंतर मला त्यातली सत्ता कळली. एखादा शब्द गाळायचा, एखादा चढवायचा. कंटाळा आला तर अर्धाच निरोप द्यायचा. काकूचा आवाज त्या घरात माझ्या तोंडातून बाहेर पडत होता, आणि तोंड तर पोराचं.

बंदुकीबद्दलचा तिचा पहिला निरोप मला लख्ख आठवतो. नलू, तिची मुलगी, तेव्हा नुकती रांगायला लागली होती. ज्वारीच्या पिठाचे हात तसेच धरून काकू दाराशी आली.

"दिगू, अण्णाला म्हन, घरात लेकरं हायती. बंदूक पेटीत ठिवावी आन् काडतुसं येगळी. किल्ली तुमच्यापशीच ऱ्हाऊ द्या म्हनावं."

बैठकीत चारपाच माणसं होती. मी जाऊन सांगितलं. अण्णा मोठ्यानं हसले.

"सांग तुझ्या काकूला, लक्षुमीला पेटीत कोंडून ठिवत नसतेत. आन् डुक्कर काय कुलूप उघडस्तोर थांबतंय व्हय?"

सगळी बैठक हसली. कोणी तरी म्हणालं, "पोलिसाची पोर केली म्हंजी घरात हुकूम यायलेच की!" मी तो हशा जसाच्या तसा, वर स्वतःची थोडी भर घालून, स्वयंपाकघरात नेला. काकू भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"म्हन त्यांना, डुक्कर थांबत न्हाई, पन लेकरू तरी कुटं थांबतंय?"

हा निरोप मी पोचवला नाही. बैठकीत आता रेडिओ लागला होता.

पुढच्या चारपाच वर्षांत तिनं असे किती निरोप दिले असतील याचा हिशेब नाही. पेटी मी माहेराहून आणते, असंही एकदा म्हणाली. नानांनाही ती सांगायची, पण नाना मऊ माणूस, भावापुढे मान वर न करणारे. "अण्णाला म्हाईत हाय सगळं," एवढंच म्हणायचे. अण्णांचं म्हणणं एकच: रिकामी बंदूक म्हणजे काठी, आणि आपल्या घरातली लेकरं शिस्तीची आहेत, ती हात लावत नाहीत. आम्ही शिस्तीचे! ज्या खुंट्यांच्या खाली रचलेल्या अंथरुणांवर चढून आम्ही दिवसाकाठी दहा वेळा तिचा घोडा मागेपुढे करून बघत होतो, ते आम्ही. ज्या घरात मोठी माणसं 'आमची लेकरं तसली नाहीत' असं म्हणतात, त्या घरातल्या लेकरांच्या काळजीनं मला आजही धडकी भरते.

बाराव्या वर्षी अण्णांनी मला बंदूक उघडायला शिकवली. खटका दाबला की नळी खाली वाकते, मागचं तोंड उघडतं, नखानं काडतूस ओढून काढायचं. तेव्हापासून शेतावरून आल्यावर काडतूस काढून ती लटकवायचं काम माझं झालं. केवढा अभिमान होता मला त्याचा! आज मात्र विचारावंसं वाटतं, आणि विचारायला समोर कोणी उरलं नाही: अण्णा, दुधाची चरवी आणायला तुम्ही मला एकटं पाठवत नव्हता, मी वाटेत सांडीन म्हणून. मग हे काम माझ्या भरवशावर कसं टाकलंत? मी काम केलं की नाही, हे एकदाही उघडून का बघितलं नाहीत?

घटस्थापनेच्या आधीचे ते दिवस. आमच्याकडे त्याला दसरा काढणं म्हणतात. घरातली प्रत्येक वस्तू बाहेर अंगणात येते, भिंती पांढऱ्या मातीनं पोतारतात, तांब्यापितळेची भांडी चिंचेनं घासतात आणि सगळी अंथरुणं-पांघरुणं गाडीत भरून पाण्यावर धुवायला नेतात. त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अण्णा शेतावरून आले. दमलेले होते. दारातच त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली.

"काडतूस काढ आन् लटकव."

नेमकं तेव्हाच खालच्या आळीतून आरडाओरडा ऐकू आला. धरणात जाळी टाकणाऱ्यांनी केवढा तरी मासा धरून आणला होता, दोन माणसांनी काठीला बांधून आणलेला. सगळी पोरं पळत निघाली होती. मी अंथरुणांवर चढलो, बंदूक खुंट्यांवर टाकली आणि पळालो. मासा खरोखर मोठा होता. मी त्याच्या खवल्यांना हात लावला. घरी परत आलो तेव्हा अण्णा जेवायला बसले होते आणि माझ्या मनात त्या माशाशिवाय दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घर उलटंपालटं झालं. चूल अंगणात मांडलेली. काकूनं पहाटेच भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या आणि अंबाडीच्या भाजीवर लसणाची कडकडीत फोडणी ओतली तेव्हा पोतारणाऱ्या बायकासुद्धा कुंचे टाकून वास घ्यायला वळल्या. कुंच्यांचा भिंतीवर सपसप आवाज, भांड्यांचा खणखणाट, धुरळा, हसणं. वर्षातला आम्हा पोरांचा सगळ्यात आवडता दिवस, कारण रागवायला कोणाला वेळच नसे. आपली-आपली गोधडी आपण उचलून गाडीत टाकायची, हे पोरांचं काम.

बैठकीची भिंत पोतारायची वेळ आली. बंदूक खाली काढायला हवी होती. काकूनं ती काढली, दोन्ही हातांवर आडवी धरली आणि मला हाक मारली.

"दिगू, पळ, अण्णाला इचार बंदूक रिकामी हाय का. उघडून बगितली का म्हनावं, नीट इचार."

मी उंबऱ्यापर्यंत गेलो आणि तिथे मला आठवलं. काडतूस. मी काढलं नव्हतं.

अण्णा लिंबाखाली दाढी करून घेत होते. तोंडाला साबण, मान मागे टाकलेली, न्हावी काही तरी गावातली भानगड सांगत होता. मी लिंबापर्यंत गेलो. विचारलं असतं तर अण्णा म्हणाले असते, 'कामून, काल तुलाच दिली व्हती की!' आणि साबणाच्या हातानं कानाखाली बसली असती, न्हाव्यादेखत. आणि बंदूक पुन्हा माझ्या हातात आली नसती.

"काय रे?" अण्णांनी डोळे मिटूनच विचारलं.

"काई न्हाई," मी म्हणालो.

परत आलो आणि काकूला सांगितलं, "रिकामी हाय म्हनलेत."

"उघडून बगितली का?"

"हो."

तरीसुद्धा तिचं बोट खटक्याकडे गेलं. तिला उघडता येत होती. तिच्या वडिलांनी तिला शिकवलं होतं, की दुसऱ्याच्या शब्दावर बंदूक रिकामी समजू नये. पण माझी आई तिथेच भिंत पोतारत होती. ती ओरडली, "ए सेलूचे, बाईमानसानं शस्त्र उघडू नाई. अपशकुन हुतो. ठिव खाली." बाईनं ते पुसायचं, उचलायचं, त्याला हळदकुंकू वाहायचं, हे सगळं चालत होतं. फक्त त्यात मृत्यू आहे की नाही हे बघायचं नाही! काकूनं हात मागे घेतला. तिनं बंदूक जुन्या घोंगडीत गुंडाळली आणि लेकरांच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या खोलीत, सगळ्यात शेवटी उचलायच्या गोधड्यांच्या चळतीमागे उभी करून ठेवली.

माझ्याकडे त्यानंतर निदान अर्धा तास होता. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. अर्धा तास मी अंगणात भांडी उचलत होतो आणि मनात म्हणत होतो, जेवणं झाली की हळूच जाऊन काढून टाकीन. कोणाला कळणारही नाही.

नलू पाच वर्षांची होती. तिची गोधडी काकूच्या हिरव्या लुगड्याची, चळतीच्या मधोमध दबलेली. ती ओढायला लागली. चळत तिच्या अंगावर कलली आणि मागची बंदूक घोड्यावर आपटली.

आवाज झाला तेव्हा मला वाटलं, पांढऱ्या मातीचं पिंप फुटलं. मग बायकांचे कुंचे थांबले. मग काकू पळताना दिसली. एवढंच मला लिहिता येतं. नानांनी नलूला उचलून गाडीत घातलं, गाडीतल्या धुवायच्या गोधड्यांवरच. रस्त्यावर ट्रक थांबवला आणि परभणीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पोर वाचली. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

दुपारी अण्णा मला गोठ्यात घेऊन गेले.

"काढलं व्हतंस का?"

"न्हाई."

मार बसेल म्हणून मी डोळे मिटले. मार बसला असता तर कदाचित मी माणसात आलो असतो. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"ह्ये तुझ्यामाझ्यात. परवाना जाईल, आन् तुझ्या नावाला जलमभर डाग लागंल. तोंडातून काढायचं न्हाई."

चार दिवसांनी जमादार चौकशीला आले. काकूला जबाबासाठी परभणीहून आणलं होतं, चार दिवस न झोपलेली, अंगावर तेच लुगडं. बैठकीच्या भिंती ताज्या पोतारलेल्या, पांढऱ्याशुभ्र. अण्णांनी शांतपणे सांगितलं की मी स्वतः बंदूक रिकामी करून लटकवली होती. मग थोडं थांबून म्हणाले, "सेलूच्या पहारेकऱ्याची लेक हाय ती. बंदुकीची माहिती घरात तिलाच जास्त. उघडून बगायची खोड. भरली असंल, इसरली असंल. आता पोटच्या लेकराचं झालंय, बोलावं तरी काय."

सावधपणा शिकून आलेली घरातली एकच बाई, आणि तिचं शिकणंच तिच्यावर पुरावा म्हणून ठेवलं! साठ वर्षं झाली. या एका वाक्यासाठी मी वडिलांना क्षमा करू शकलेलो नाही, आणि ते वाक्य माझ्यासाठी बोललेलं होतं.

काकू दाराआडून बाहेर आली.

"जमादार, मी इचारलं व्हतं. दिगूला पाठवून इचारलं. रिकामी हाय असा निरोप आला. दिगू, सांग की रे."

"काय पोरा? पाठवलं व्हतं का काकूनं?"

अण्णा स्वतःच्या नखांकडे बघत होते. मी म्हणालो, "न्हाई. मला काई इचारलं न्हाई."

काकूनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं पदर सारखा केला आणि त्या घरात कधी न घडलेली गोष्ट केली. ती सरळ अण्णांकडे वळली.

"भावजी, तुमी सांगा. आदल्या दिवशी बंदूक कोनाच्या हातात दिली व्हती तुमी?"

बैठक हादरली, पण प्रश्नानं नाही. कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला, "जेठाला तोंड लावायली बगा! लेकराचा घात करून वर ही तऱ्हा." कोणालाही तिच्या प्रश्नाचं उत्तर नको होतं, सगळ्यांना फक्त तिचं तोंड दिसलं. माझ्या आईनं तिला कोपराला धरून आत ओढलं. जमादारांनी बाईच्या निष्काळजीपणामुळे अपघात असं लिहिलं, चहा घेतला आणि बंदूक घेऊन गेले.

काकू नलूला घेऊन सेलूला गेली ती कायमची. नाना दोनदा आणायला गेले. दोन्ही वेळा तिनं एकच अट घातली, दिगूनं खरं सांगावं. तिसऱ्यांदा अण्णांनी नानांना जाऊ दिलं नाही. तिनं शिवणाचं यंत्र घेतलं, नलूला शिकवलं, नलू मास्तरीण झाली. आणि आमच्या घरात काय झालं? काही महिन्यांनी बंदूक परत आली. त्याच खुंट्यांवर, त्याच कोनाड्याच्या वर. पुढच्या खंडेनवमीला तिला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, आणि अण्णांनी आम्हा पोरांना तिच्या पाया पडायला लावलं. मीही पडलो. कोणी विषय काढलाच तर घरातली माणसं म्हणायची, 'बंदूक उडाली.' जणू चिमणी होती! किंवा म्हणायची, 'होणारं टळत नाही.' टळत होतं हो. एका पेटीनं टळत होतं. चार आण्याच्या कुलपानं टळत होतं. एका पोरानं लिंबाखाली तोंड उघडलं असतं तरी टळत होतं.

मी परभणीत कारकुनी केली, संसार केला, निवृत्त झालो. सेलूवरून शेकडो वेळा गेलो, उतरलो नाही. कदाचित तसाच मेलोही असतो. पण गेल्या दसऱ्याला घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. माझा पुतण्या महेश आता गावचं घर आणि परवाना दोन्ही सांभाळतो. फोटोत त्याची चार वर्षांची स्वरा, नऊवारी नेसवलेली, कपाळावर चंद्रकोर, आणि मांडीवर ती बंदूक. खाली लिहिलं होतं, 'आमची रणरागिणी'. त्याखाली नातेवाइकांचे अंगठे आणि हात जोडलेली चित्रं. मी लगेच फोन लावला.

"महेश, ती पेटीत ठिवतोस का?"

"काका, पेटीत कशाला? खुटीवरच हाय की. आजोबाची शान हाय ती."

"भरलेली?"

"रिकामी हाय ओ! तुमी लय टेन्शन घेता."

"उघडून बघितलीस?"

"गडी हाय ना आपला, त्यो काढून ठिवतो."

मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सेलूची गाडी धरली.

दार नलूनं उघडलं. काठी, पांढरे केस, चष्म्यामागे करडी नजर. तिनं मला ओळखलं आणि बाजूला झाली. काकू पलंगावर बसून मेथी निवडत होती. नव्वदीच्या घरातली, वाकलेली, पण हात झरझर चालणारे. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. मासा, लिंब, न्हावी, तो अर्धा तास. ती ऐकत होती, काड्या बाजूला टाकत होती.

"झालं?" ती म्हणाली. "मला कशाला सांगायलास? माझा निरोप मीच दिल्ता. मला म्हाईत नसंल व्हय?"

"काकू, माफी..."

"माफी तिला माग. पाय तिचा गेला." नलू दारात उभी होती. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. "आन् ती देईल का न्हाई, त्यो तिचा इचार. मला माफी नको. ज्यांच्या म्होरं न्हाई म्हनलास त्यांच्या म्होरं हो म्हन. जमादार मेला. भावजी गेले. जिते कोन हायती?"

मी महेशच्या फोटोबद्दल सांगितलं. काकूचे हात पहिल्यांदा थांबले.

"लेकरू किती वर्साचं?"

"चार."

"लाव फोन. हितंच लाव, माझ्या म्होरं. मोठ्यानं आवाज येतोय तसा लाव."

मी लावला. महेशला म्हटलं, बायकोला जवळ बोलाव, घरात असतील त्या सगळ्यांना बोलाव. आणि मग सांगितलं. सेलूच्या काकूनं विचारलं होतं. मी खोटा निरोप आणला. बंदूक अण्णांनी माझ्या हातात दिली होती आणि काडतूस मी काढलं नव्हतं. अण्णांना माहीत होतं. काकूचा काहीही दोष नव्हता.

पलीकडून लहान मुलीच्या खेळण्याचा आवाज येत होता. मग महेश म्हणाला, "काका, ह्ये जुनं आता कशाला..."

काकूनं माझ्या हातातून फोन घेतला.

"महेश, मी तुझी सेलूची आजी बोलायले. बंदूक काढ अन् उघडून बघ. गड्याला सांगू नको, सोता बघ. मी फोन धरून बसते."

"आजी, रिकामी..."

"बघ म्हनले ना."

पावलांचा आवाज आला, तो फोन घेऊनच चालला होता. काकू फोन कानाला न लावता दोन्ही हातांत धरून बसली होती. नलू काठी टेकत येऊन तिच्याशेजारी बसली. पलीकडून खटका दाबल्याचा आवाज आला, मला तो आजही कुठेही ओळखू येईल. महेशची बायको काही तरी विचारत होती.

"आजी," तो म्हणाला. आवाज बदललेला होता. "काडतूस काढलं."

काकूनं फोन तोंडाजवळ घेतला.

"पोरगी कुटंय?" तिनं विचारलं.

"हितं, माझ्यापशी."

"तिला बायकोपशी दे. मग मी सांगते तसं कर."